पानाच्या तळाचा आकडा

ऐवळे साहेबांनी फूटपट्टी उचलून पडद्यावर टेकवली. पडद्यावर शकिलाची वेबसाइट होती आणि पट्टीचं टोक होतं पानाच्या अगदी तळाशी, काळ्या चौकटीतल्या हिरव्या आकड्यांवर.

"वाचा," साहेब म्हणाले.

खोलीतले चाळीसेक शिक्षक पहिलीच्या पोरांसारखे एका सुरात ओरडले, "दोन लाख अठरा हजार चारशे सहा!"

"मुलाणी मॅडम, तुमच्या शाळेचा पट किती?"

"एकवीस, सर." शकिला भिंतीकडेला उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"एकवीस पोरांची वस्तीवरची शाळा, आणि दोन लाख भेटी!" साहेबांनी पट्टी माझ्याकडे वळवली. "खरमाटे मॅडम, तुमच्या ब्लॉगचा किती झाला?"

त्यांना माहीत होता. दर महिन्याच्या अहवालात मीच लिहून देत होते.

"एकसष्ट हजार, सर."

"वा. तेही काही वाईट नाही."

टाळ्या शकिलासाठी वाजल्या. मीही वाजवल्या, म्हणजे तळहात एकमेकांवर टेकवले, आवाज होऊ दिला नाही. त्या 'तेही'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

ऐवळे साहेब आमचे केंद्रप्रमुख, आटपाडीकडच्या आमच्या बारा शाळांचे वरिष्ठ. महिन्यातून एकदा बाराही शाळांचे शिक्षक एका शाळेत जमत, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ब्लॉगचं भलतंच वेड लागलं होतं. कविता, तक्ते, प्रश्नपत्रिका, जो तो उठून काहीतरी नेटवर चढवत होता आणि पानाच्या तळाशी भेटी मोजणारं यंत्र लावत होता. दोन शिक्षक भेटले की तब्येतीच्या आधी आकडा विचारत. असल्या शिक्षकांना तंत्रस्नेही म्हणायचे. जिल्ह्याच्या सत्काराला आपल्या केंद्रातून एकच तंत्रस्नेही नाव जाईल, आणि ते फेब्रुवारीच्या परिषदेत ठरेल, असं साहेबांनी त्याच दिवशी जाहीर केलं.

ते नाव माझंच असायला हवं होतं. अख्ख्या केंद्रात पहिला ब्लॉग माझा. बाकीच्यांना माउस कुठल्या हातात धरायचा ते कळत नव्हतं, तेव्हा मी कार्यशाळा घेत होते. शकिलाला तर मी माझ्या शेजारी बसवून शिकवलं. डी.एड.ला दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलेल्या. एकीच्या डब्यातलं दुसरी खायची. ती मला वैजू म्हणायची, मी तिला शकू. नोकरी लागली तीही नऊ किलोमीटरच्या अंतरावर.

कार्यशाळेत तिने विचारलं होतं, "वैजू, हे हिट, भेटी, माणसं, सगळं वेगळं का दाखवतंय?"

"समज, वर्गात एक मूल आलं," मी सांगितलं. "बरोबर दप्तर, डबा, बाटली, चपला. दारात बसून आत आलेली एकेक वस्तू मोजलीस तर पाच होतात. त्या झाल्या हिट. मूल एकच. तेच मूल मधल्या सुट्टीत घरी जाऊन परत आलं, तर भेटी दोन. मूल तरी एकच."

"मग खरं काय धरायचं?"

"मूल धरायचं. पण सांगताना लोक दप्तरासकट सांगतात."

ती खळखळून हसली. ते वहीत लिहूनही घेतलं. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. मला तेव्हापासूनच त्या अक्षराचा राग होता.

माझा ब्लॉग फुकटातला. शकिलाने मात्र पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाची वेबसाइट घेतली. तिच्या फाइली जड होत्या. ती शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका हाताने लिहायची, बुद्धिमत्तेच्या आकृत्या, आरशातल्या प्रतिमा, घड्याळं, सगळं पेनाने काढायची आणि स्कॅन करून चढवायची. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीची महिन्याला दहा जीबीची मर्यादा होती. ती घेण्याआधी तिने मला फोन केला होता.

"दहा जीबी म्हणजे पुरेल का गं? मला त्यातलं कळत नाही."

"शाळेच्या टाकीसारखं आहे ते," मी म्हणाले. "महिन्याला एकदा भरते. कुणी तुझी फाइल उतरवली की एक बादली गेली. टाकी संपली की एक तारखेपर्यंत नळ बंद. पण तुझ्याकडे येणारंय कोण एवढं?"

आले. त्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीवरून पाचवीला गेली. नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिका कुठे मिळेनात, आणि शकिलाकडे दर सोमवारी एक नवी असायची. आटपाडीचे सोडा, लातूर-नांदेडचे शिक्षक तिच्या पानावर येऊ लागले.

जानेवारीच्या त्या परिषदेनंतर मला एक रोगच जडला. सकाळी दात घासायच्या आधी मी शकिलाचं पान उघडायची, सरळ तळाला जायची, आकडा बघायची. शाळेत पोहोचल्यावर एकदा. मधल्या सुट्टीत एकदा. कुकरच्या शिट्टीगणिक एकदा. आमचे हे दूध संघात नोकरीला. एकदा चपातीची वाट बघत माझ्यामागे उभे राहिले.

"कुणाचं पान?"

"शकूचं."

"तू उघडलंस की तिचा आकडा एकने वाढत असेल ना?"

मी झटकन मोबाइल पालथा ठेवला. दोन आठवड्यांत तीनशेच्या वर भेटी मी स्वतः तिच्या पदरात टाकल्या होत्या. जगाला हिट आणि भेटी समजावणारी बाई मी! ह्यांना हसू आवरेना, आणि मी चपाती करपवली.

त्या दिवशी दुपारी मी ते काम केलं. माझ्या ब्लॉगवर एक नवं पान बनवलं. 'पाचवी शिष्यवृत्ती, सर्व सराव प्रश्नपत्रिका एकाच ठिकाणी.' खाली क्रमाने सत्तावीस बटणं, लाल रंगाची, ठसठशीत. प्रश्नपत्रिका शकिलाच्याच. मी त्या उतरवून माझ्याकडे चढवल्यासुद्धा नाहीत. प्रत्येक बटणामागे तिच्या वेबसाइटवरल्या फाइलचा पत्ता तेवढा डकवला. पोरं, पालक, शिक्षक माझ्या पानावर येणार, माझा आकडा वाढणार, बटण दाबणार, आणि फाइल गुपचूप तिच्याकडून उतरणार. तिचं पान उघडतच नसल्यामुळे तिच्या तळाचा आकडा हलणार नाही. टाकी तिची, नळ माझ्या अंगणात.

मनाला समजावायला कारण तयार होतं. प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या खाली 'शकिला मुलाणी, जि. प. शाळा, कारंडेवस्ती' लिहिलेलंच आहे की. नाव कुठे चोरलंय मी?

पान शिक्षकांच्या पन्नास-साठ व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकलं. आठवड्यात माझा आकडा, दप्तरासकट धरून, लाखाच्या पुढे गेला. शकिलाचा जेमतेम सरकत होता. त्या दिवसांत मी वर्गात कवितासुद्धा चालीवर म्हणून घेतल्या.

फेब्रुवारी लागला तसा शकिलाचा फोन आला.

"वैजू, दुसऱ्या साइटवाल्यांनी माझ्या फाइली परस्पर लावल्यात वाटतं. कुठल्या कुठल्या क्लासवाल्यांनी. ते बंद करता येतं का गं?"

"करता येतं, पण लई भानगडीचं आहे ते," मी म्हणाले. "एखादी खूण चुकली तर तुझीच साइट बंद पडायची. नको नादी लागूस."

"बरं," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "तुझं कसं चाललंय?"

"चाललंय की."

"बरं," ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

परीक्षा महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी दात घासायच्या आधी, मी शकिलाचं पान उघडलं. पांढरा कोरा पडदा, आणि वर इंग्रजीत एक ओळ. मर्यादा ओलांडल्यामुळे ही साइट बंद आहे.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पाच-दहा मिनिटं चांगला झाला. मी चहा टाकला, त्यात आलं जरा जास्तच किसलं. मग एकदम आठवलं आणि मी माझ्या पानावरचं पहिलं बटण दाबलं. कोरा पडदा. दुसरं दाबलं. कोरा पडदा. सत्तावीसच्या सत्तावीस बटणं मेली होती. माझ्या वर्गातल्या तेरा पोरांना शेवटच्या तीन प्रश्नपत्रिका अजून सोडवायच्या होत्या, आणि मी त्यांना त्याच बटणांवर सोडलेलं.

साडेसातला फोन वाजला.

"वैजू, माझी साइट बंद पडली गं. एक तारखेलाच सुरू होईल म्हणतात. परीक्षा तर रविवारी. सकाळपासून चाळीस फोन आले. येतेस का जरा? तुझ्याशिवाय कुणाला कळणार हे?"

मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटी काढली. डाळिंबाच्या बागांतून जाताना एकच विचार डोक्यात होता, की कुठून किती फाइली उतरवल्या गेल्या त्याचा साइटवरचा अहवाल तिच्याआधी मला बघायला मिळाला पाहिजे.

कारंडेवस्तीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. पोरं ओट्यावर पाढे म्हणत होती. शकिलाने लोकवर्गणीतून घेतलेला संगणक सुरू करून ठेवला होता आणि खिचडीच्या शेगडीवर चहा केला होता. तिचे डोळे सुजलेले होते.

"हे बघ. आत जाऊन मी तिथपर्यंत आणलंय, पुढचं तूच बघ. मला ते रकाने कळत नाहीत."

मी खुर्ची ओढली. सगळा हिशेब समोर होता. महिन्यातले हिट साडेतीन लाख. भेटी एकवीस हजार. माणसं सहा हजार दोनशे. म्हणजे दप्तरं, येरझाऱ्या आणि मुलं. मी खाली सरकत गेले. कुठल्या पत्त्यावरून किती फाइली उतरवल्या गेल्या, त्याची यादी आली. पहिल्या ओळीवर माझ्या ब्लॉगचा पत्ता होता. चार हजार तीनशे. बाकी सगळ्यांच्या मिळून अडीच हजारही नव्हत्या.

फाइल दीड एमबीची. मला गुणाकार करायची गरज नव्हती. दहातल्या साडेसहा जीबी माझ्या लाल बटणांनी उपसल्या होत्या.

शकिला माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने हात लांब करून त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नखाला शाई लागलेली होती.

"हे कोण आहे गं? सगळ्यात जास्त हेच दिसतंय."

पत्ता इंग्रजी अक्षरांत होता. त्यात माझं नाव सरळ नव्हतं, शाळेचा सांकेतिक क्रमांक होता. तिला तो पाठ असायचं कारण नव्हतं.

"हे होय?" मी म्हणाले. "हे रोबोट असतात."

"रोबोट?"

"म्हणजे यंत्रंच. जगभर फिरत असतात, साइटा धुंडाळतात, फाइली उतरवतात. माणसं नव्हेत ती. त्यांनीच खाल्ली तुझी मर्यादा."

"रोबोट माझ्या प्रश्नपत्रिका सोडवतात?" ती हसली. मग म्हणाली, "थांब, तुला अजून थोडा चहा देते. नीट बघून सांग. घाई नाही मला."

तिने पुन्हा चहा केला. पुन्हा शेजारी येऊन बसली. मी उगाच इकडून तिकडे पानं सरकवत राहिले. बाहेर पोरं सतराच्या पाढ्यात अडकली होती आणि तिला त्यांच्याकडे जायचीही घाई दिसत नव्हती.

"रोबोटच आहेत," मी कप खाली ठेवत म्हणाले. "नक्की."

"बरं," ती म्हणाली.

"आता असं कर. सगळ्या फाइली मला पेन ड्राइव्हवर दे. फुकटच्या ठिकाणी चढवते आणि माझ्या ब्लॉगवर लावते. संध्याकाळपर्यंत पोरांना मिळतील."

तिने कपाटातून पेन ड्राइव्ह काढला. अजून कुठेच न चढवलेल्या, कुणीही न पाहिलेल्या तीन नव्या प्रश्नपत्रिकाही त्यात घातल्या. माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "पोरांचं नुकसान व्हायला नको एवढं बघ. बाकी काही नाही."

हे काम मी महिन्यापूर्वीच केलं असतं, तर तिच्या टाकीला थेंबाचाही धक्का लागला नसता. ते मला तेव्हाही माहीत होतं. फुकटच्या ठिकाणी फाइली चढवायला मला अर्धा तास लागायचा, तेवढा मी तिच्यासाठी खर्च केला नव्हता, इतकंच.

संध्याकाळी चारला माझं पान पुन्हा जिवंत झालं. ग्रुपांवर मी लिहिलं, 'मुलाणी मॅडमची साइट बंद पडल्याने गैरसोय होऊ नये म्हणून सर्व प्रश्नपत्रिका येथे उपलब्ध.' दोन दिवसांत माझा आकडा अडीच लाखांवर गेला.

गुरुवारी परिषद भरली, माझ्याच शाळेत. चहापाण्याच्या वेळीच कुजबुज कानावर आली होती. मुलाणी मॅडमनी साइट मुद्दाम बंद केली. विट्याच्या कुठल्याशा क्लासला प्रश्नपत्रिका दिल्या. आकडा वाढला की माणूस असाच करतो. हे बोलणाऱ्यांना मी एका वाक्यात गप्प करू शकत होते. मी कपबशा गोळा करत होते.

साहेब उभे राहिले. "मुलाणी मॅडम, परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही पोरांना वाऱ्यावर सोडलंत. जबाबदारी घ्यायची तर निभवायची असते. काय झालं होतं?"

शकिला उठली. "मर्यादा संपली, सर."

"कशी संपली? आधी कळत नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट बघत होते, ती बघेल म्हणून. "रोबोटनी संपवली म्हणतात, सर," ती म्हणाली.

अख्खी खोली फस्सकन हसली. साहेबही हसले. "रोबोट! ऐका!" मग त्यांनी पट्टी उचलली आणि पडद्यावर टेकवली. पान माझं होतं. सगळ्यांनी एका सुरात माझा आकडा वाचला. ऐन वेळी पोरांसाठी धावून गेलेल्या खरमाटे मॅडमचं नाव जिल्ह्याला जाईल, असं जाहीर झालं. शकिलाने उभ्याउभ्याच टाळ्या वाजवल्या. ती अजून खाली बसली नव्हती.

परीक्षा झाली. एक तारखेला सकाळी शकिलाचा निरोप आला. 'साइट सुरू झाली का बघशील? आत जाऊन सगळं तपास. पुन्हा असं व्हायला नको.' सोबत तिचा परवलीचा शब्द.

दुपारी पोरं जेवायला बसल्यावर मी ऑफिसात एकटी होते. मी आत शिरले ते तिच्यासाठी नाही. तो अहवाल पुसता येतो का बघायचं होतं. तो नाही पुसता आला. मग निदान पुढे कुणी असं करू नये, निदान तो अहवाल पुन्हा उघडायची तिच्यावर वेळ येऊ नये, म्हणून मी ती खूण शोधली, जी भानगडीची आहे असं तिला सांगितलं होतं. बाहेरच्या साइटांना आपल्या फाइली परस्पर देऊ नयेत, ती खूण.

ती आधीच केलेली होती.

मी खुर्चीत सरळ बसले. शकिलाने स्वतःच केली होती, बिनचूक. दुसऱ्या सगळ्या साइटा बंद. फाइलींच्या प्रकारांत पीडीएफ आपल्या हाताने लिहिलेलं. खाली एक चौकट होती, कुणाला परवानगी द्यायची त्यांची यादी. पहिला पत्ता तिच्याच साइटचा. त्याखाली दुसरा, आणि तो शेवटचा. माझ्या ब्लॉगचा. शाळेच्या सांकेतिक क्रमांकासकट, एकही आकडा न चुकता टाइप केलेला.

रकाने कळत नाहीत म्हणणाऱ्या बाईने सगळ्या क्लासवाल्यांना दाराबाहेर काढलं होतं आणि मला आत ठेवलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून हे कोण आहे असं तिने विचारलं, तेव्हा तिला ते कोण आहे हे ठाऊक होतं.

मी फोन लावला. मागे पोरांचा गलका होता.

"बोल वैजू. झाली का सुरू?"

"झाली."

"आणि रोबोट? गेले का गं सगळे?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ताप उतरला का विचारावं, तसं तिने विचारलं.

"रोबोट नव्हते, शकू," मी म्हणाले. "मी होते."

"माहीत आहे मला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. दोनदा चहा केला की."

"आणि मला बंद का नाही केलंस?"

"तुला बंद करून पोरं बंद झाली असती. तुझ्याकडनं येणारी माझ्यापेक्षा जास्त होती, ती कुठं गेली असती? महिना निभेल असं वाटलेलं. नाही निभला."

"मी साहेबांना सांगते. आजच सांगते."

नको म्हणेल असं मला वाटलं होतं. मी तेवढी जागाही ठेवली, गप्प राहून. ती म्हणाली, "सांग. ते तुझं तू बघ." मग घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

मी खरंच गेले. शाळा सुटल्यावर साहेबांच्या समोर बसून सगळं सांगितलं. लाल बटणं, फाइलींचे पत्ते, टाकी, नळ, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मुलाणी मॅडमच्या प्रश्नपत्रिका तुमच्या ब्लॉगवरून जास्त पोरांपर्यंत पोहोचल्या. असंच ना?"

"सर, माझ्यामुळे तिची साइट बंद पडली. मी तिचा डेटा संपवला."

"अहो, बंद पडली ती तिची. तुमची चालू होती. आकडा कुणाचा मोठा?"

मी पुन्हा सांगितलं. दप्तर, डबा, बाटलीपासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. "मॅडम, मैत्रिणीला बोल लागला म्हणून तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय, ते मला कळतंय. एवढं मोठं मन हल्ली बघायला मिळत नाही."

मार्चमध्ये सांगलीला सत्कार झाला. साहेबांनी माइकवरून माझ्या मोठ्या मनाचा किस्सा सांगितला. मैत्रिणीचा दोष स्वतःच्या माथी घ्यायला निघालेल्या खरमाटे मॅडम. सभागृह उठून उभं राहिलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं असतं, तर त्याचाही मोठेपणाच झाला असता. निदान मी स्वतःला तेव्हा तसं समजावलं, आणि शाल अंगावर घेतली.

शकिला तिसऱ्या रांगेत होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं, वस्तीवरून दोन एसट्या बदलून ती आपणहून आली होती. ती टाळ्या वाजवत होती. एवढ्या गर्दीतसुद्धा तिच्या टाळीचा आवाज मला स्टेजवर वेगळा ऐकू येत होता, डी.एड.च्या खोलीत माझा निकाल लागल्यावर आला होता तसाच. तशी टाळी मला तिच्यासाठी एकदाही वाजवता आली नव्हती. हातात प्रमाणपत्र धरून मी उभी होते, आणि मला तिच्या त्या टाळीचाही हेवा वाटत होता.